तुमची तारीख पुढे गेली

या विभागात लिहिणाऱ्यांची नावं मी गेल्या तीन-चार दिवाळी अंकांत वाचली आहेत. निवृत्त परिचारिका, निवृत्त स्टेशन मास्तर, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई. त्यांच्या रांगेत माझं नाव बसत नाही, हे मला कळतं. मी अजून पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तेही मध्ये एक वर्ष वाया गेल्यावर. नोकरी केली ती जेमतेम दोन वर्षं. वाचनालयाच्या या अंकाच्या संपादक काकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काय काम केलंस ते लिही. किती वर्षं केलंस ते आम्ही विचारत नाही." म्हणून लिहितो आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं काम असं होतं: टीव्हीवरच्या कोर्टासाठी भांडणं शोधून आणायची.

टीव्हीवरची कोर्टं दोन प्रकारची असतात. एकात सगळे नट असतात, वकीलही आणि खुनीही. दुसऱ्या प्रकारात खरी माणसं आपली खरी भांडणं घेऊन येतात, समोर एक न्याय करणारी व्यक्ती बसते, दोघांचं ऐकते आणि निकाल देते. आमचा कार्यक्रम या दुसऱ्या प्रकारचा. नाव लिहीत नाही. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसातला लागायचा. सेट घोडबंदर रोडला एका जुन्या गोडाऊनमध्ये होता आणि ऑफिस खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत. माझ्या गळ्यातल्या कार्डावर 'रिसर्च असिस्टंट' असं छापलेलं होतं. ऑफिसात मला 'केसवाला' म्हणत. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याचा काही भाग माझ्याकडे होता. लोक टीव्हीवर दिसणाऱ्या नंबरवर फोन करायचे, मी त्यांच्या घरी जायचो, ऐकून घ्यायचो, फॉर्म भरायचो, समोरच्या पार्टीला तयार करायचो आणि शूटिंगच्या दिवशी दोघांना वेगवेगळ्या गाड्यांनी सेटवर आणायचो. वेगवेगळ्या अशासाठी, की भांडण गाडीतच मिटलं तर शूट काय करणार?

ऑफिसात सगळे कोर्टाची भाषा बोलायचे. ही सवय समीर सरांनी लावलेली. समीर सर म्हणजे कार्यक्रमाचे प्रमुख, माझे साहेब. आलेल्या लोकांना 'पक्षकार' म्हणायचं, सेटवर बोलावण्याला 'पुकारा' आणि शूटिंगच्या दिवसाला 'तारीख'. पार्टीची तारीख लागली, पार्टीची तारीख पुढे गेली. आधी गंमत वाटली. महिन्याभरात मी घरीसुद्धा तसंच बोलायला लागलो. 'तारीख' हा शब्द पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आणखी एक सांगतो, कारण ते मलाही उशिरा कळलं. आपल्या खऱ्या कोर्टात हातोडा नसतो. आमच्याकडे होता. माजिवड्याच्या एका सुताराने दोन करून दिलेले, एक मोडला तर दुसरा असावा म्हणून. त्याचा आवाजही खरा नव्हता, तो नंतर भरायचे. मला वाटायचं, कोर्टातला हातोडा आम्ही आमच्याकडे आणलाय.

लोक हे का बघतात, असं मला बरेच जण विचारतात, विशेषतः कॉलेजातले. त्यांना तो कार्यक्रम म्हणजे थिल्लर वाटतो. मी उत्तर देताना माझ्या आईचं सांगतो. आम्ही कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहतो. आई पाच घरी पोळ्या करते आणि सातपर्यंत घरी येते. साडेसातला शेजारच्या शिंदे काकी हातात भाजी निवडायला घेऊन येतात आणि दोघी बसतात. टीव्हीतल्या माणसांशी त्या थेट बोलतात. "आता का गप? बायकोला मारताना तोंड चालत होतं ना?" असं आई म्हणते. काकी म्हणतात, "थांब गं, मॅडमनी चष्मा काढायला घेतलाय." जज मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की निकाल जवळ आला, हे काकींनी आमच्या कुणाच्याही आधी ओळखलेलं. निकाल लागला की दोघी मोठा श्वास सोडतात, जणू चाळीस मिनिटं तो धरून ठेवलेला.

एकदा मी आईला विचारलं, तुला एवढं काय आवडतं त्यात? तिने पोळीचा हात थांबवला नाही. म्हणाली, "तुझं काय म्हणणं आहे, असं आपल्याला कोण विचारतं रे? तिथं विचारतात."

ते खरं होतं. जज मॅडमचं एक वाक्य ठरलेलं होतं: "तुमचं म्हणणं सांगा, मी ऐकते आहे." त्या पूर्वी वकिली करायच्या, मग सोडली. मनाने चांगल्या होत्या. कानात एक बारीक यंत्र असायचं, त्यातून समीर सर पुढचा प्रश्न सांगायचे. पण ते वाक्य त्या स्वतः म्हणायच्या आणि असं म्हणायच्या, की समोरची बाई, जी माझ्याशी दोन तासांत चार शब्द बोललेली नसायची, ती एकदम सुरू व्हायची. मी कॅमेऱ्यामागे उभा राहून ते किती वेळा पाहिलं असेल. मला त्या क्षणाचा अभिमान वाटायचा. आजही थोडा वाटतो, हे लपवत नाही.

केसेस नाना तऱ्हेच्या आल्या. कल्याण पश्चिमेचे दोन भाऊ वडिलांच्या जुन्या मोबाइलवरून तीन वर्षं भांडत होते, कारण त्यात वडिलांचा आवाज होता. मॅडमनी निकाल दिला: कॉपी करून दोघांनी घ्या. ते काम आमच्या साउंडवाल्याने तिथेच दोन मिनिटांत केलं. आई रडली, काकी रडल्या. नंतर धाकटा भाऊ मला भेटला तेव्हा म्हणाला, आता आम्ही एकमेकांकडे जातच नाही. आधी निदान फोन मागायला जायचो.

आणि डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ आलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्यांना स्वतःवरच केस करायची होती. भावाच्या छातीत दुखत होतं, त्या दिवशी यांनी अॅसिडिटी समजून त्याला घरीच झोपवलं. भाऊ गेला. घरातलं कुणी त्यांना काही बोललं नाही. "तुमच्या मॅडमनी मला चार लोकांत बोलावं, एवढीच विनंती आहे," असं ते म्हणाले. मी समीर सरांना विचारलं. सर हसले. म्हणाले, "सामनेवाली पार्टी कुठेय? केस होत नाही." मी त्यांना तेच सांगितलं. त्यांनी फाइल नीट बंद केली आणि माझे आभार मानले. हा किस्सा मी तेव्हा मित्रांना विनोद म्हणून सांगायचो.

आता इंदू मावशींबद्दल लिहितो. खरं तर त्यांच्याचसाठी लिहायला बसलो.

कोपर स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक बैठी चाळ होती. त्यातली पहिली खोली इंदू मावशींची. दारावर पाटी: फॉल-पिको करून मिळेल. मावशी साठीच्या, एकट्या. नवऱ्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने मिळून ती खोली घेतलेली, पण कागद थोरल्याच्या नावावर. दोघे भाऊ वारले. मग चाळ पाडून टॉवर करायचं ठरलं. ज्याची खोली त्याला टॉवरमध्ये घर मिळणार होतं. तेव्हा थोरल्याचा मुलगा प्रकाश म्हणाला, खोली माझ्या बापाची, काकूला नुसती राहायला दिलेली. त्याने कल्याणच्या कोर्टात दावा लावला. मावशींचं म्हणणं, त्या खोलीत मी लग्न करून आले, नवरा तिथेच गेला, मी आता कुठे जाऊ?

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मशीन थांबवून मला आधी पाणी दिलं, मग चहा, मग सगळे कागद एका साडीच्या पिशवीतून काढून पलंगावर मांडले.

"आठ वर्षं जातेय बघ मी कल्याणला," त्या म्हणाल्या. "एकदा तरी कुणी विचारलं का, बाई, तुझं काय? वकील बोलतो, साहेब लिहवून घेतात, मी आपली मागच्या बाकावर. आता तर वकीलही म्हातारा झाला, केस सोडून दिली त्याने. तुमच्याकडे बोलू देतात."

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: या भांडणाचा दावा कुठल्याही न्यायालयात चालू आहे का? 'हो' लिहिलं की केस बाद, कारण चालू दाव्यात हात घालायचा नाही असा कंपनीच्या वकिलांचा नियम होता. समीर सरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलेलं, "तो क्वेश्चन पूछना ही मत. नाही लिहायचं आणि पुढे जायचं." समोर पलंगावर कल्याण कोर्टाचे शिक्के मारलेले कागद पसरलेले असताना मी माझ्या चांगल्या अक्षरात 'नाही' लिहिलं. मावशींनी चष्मा लावला नव्हता. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या-सांगितल्या. एक: "तुमचं कोर्ट वरचं का रे, कल्याणच्या?" मी हसलो. म्हणालो, नाही मावशी, आमचं वेगळं. वेगळं म्हणजे काय, ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या, असं तेव्हा वाटलं. दुसरी गोष्ट: पुढच्या आठवड्यातला बुधवार सोडून बोलव. बुधवारी कल्याणला त्यांचा जबाब होता. साहेबांनी, म्हणजे तिथल्या न्यायाधीशांनी, बजावलेलं, ही शेवटची संधी, आता आला नाहीत तर तुमच्याशिवाय चालवू. मी फॉर्मच्या मागे पेन्सिलने लिहिलं, 'बुध. नको.' आणि त्यांना शुक्रवारचं शूटिंग दिलं. जाताना त्या दारापर्यंत आल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा किरण. कोर्टातला मुलगा."

मी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटलं.

त्या आठवड्यात सोमवारी जज मॅडमचा घसा बसला. सगळी शूटिंगं रद्द झाली. समीर सरांनी मला नावांची लांब यादी दिली आणि तासाभरात सगळ्यांना कळव म्हणाले. यादीत फक्त नाव आणि नंबर होते. मी डेपोच्या मागच्या कट्ट्यावर बसून फोन सुरू केले. एकच वाक्य: नमस्कार, तुमची तारीख पुढे गेली आहे, पुढची मी कळवतो.

मावशींनी फोन घेतला तेव्हा मागे मशीन चालू होतं. माझं वाक्य ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे ह्या आठवड्यात जायचं नाही?"

मी पुढच्या नावावर बोट ठेवलेलं. म्हणालो, "नाही मावशी, ह्या आठवड्यात कुठेच जायचं नाही. मी कळवतो ना."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "लग्नाच्या साड्या येऊन पडल्यात." मशीन थांबलंच नव्हतं. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल.

तीन आठवड्यांनी त्यांचं शूटिंग झालं. प्रकाशही आला, नवा शर्ट घालून. तो एवढ्या सहज का तयार झाला, हे मी स्वतःला विचारलं नाही. मॅडम म्हणाल्या, "तुमचं म्हणणं सांगा, मी ऐकते आहे," आणि मावशी बोलल्या. खूप वेळ बोलल्या. नवऱ्याने खोलीची फरशी स्वतः बसवलेली, कुठली फरशी तिरकी बसली, थोरल्या दिरांनी मरताना काय सांगितलं, सगळं. लाइटवाले सुद्धा हलले नाहीत. मग मॅडमनी चष्मा काढला. खोली काकूंची. प्रकाश रडला, मावशींच्या पाया पडला, चुकलो म्हणाला. हातोडा पडला. शेवटी आम्ही सगळ्यांना देतो तसं सोनेरी शिक्क्याचं निकालपत्र मावशींना दिलं. त्याच्या खाली अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, की हा निकाल केवळ सामंजस्यासाठी आहे. मावशींनी ते लॅमिनेट करून घेतलं.

टीव्हीवर मावशींचं बोलणं दीड मिनिटाचं राहिलं. फरशी कापली गेली. प्रकाशचं रडणं पूर्ण होतं.

पुढे दोनेक महिन्यांनी मावशींचा फोन आला, कागद आलाय, इंग्रजीत आहे, बघून देतोस का. मी त्यांना खोपटलाच बोलावलं. डेपोबाहेरच्या चहावाल्याकडे बाकावर बसून मी तो वाचला. पुकारा होऊनही प्रतिवादी गैरहजर. दावा एकतर्फी मंजूर. प्रतिवादीने खोलीचा ताबा द्यावा. मी गैरहजेरीची तारीख पाहिली. तोच बुधवार होता.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "हे कसं?" त्या म्हणाल्या. "तारीख तर पुढे गेलेली ना? तूच सांगितलंस."

त्या मुळीच रागावलेल्या नव्हत्या. नुसतं विचारत होत्या. पिशवीतून त्यांनी लॅमिनेट केलेलं निकालपत्र काढून त्या कागदाशेजारी ठेवलं, की ह्यातलं खरं कुठलं ते मी बोट ठेवून दाखवावं. मी म्हणालो, बघतो. चहा गार झाला, पण आम्ही दोघांनी तो संपवला.

कल्याण कोर्टात गरिबांना फुकट वकील देतात, एवढं मला माहीत होतं. मी मावशींना तिथे पाठवलं. स्वतः गेलो नाही. त्यांना म्हात्रे ताई म्हणून वकील मिळाल्या. त्यांचा मला दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्यांनी शांतपणे समजावलं. एकतर्फी निकाल रद्द करून मागता येतो, पण लवकर अर्ज करावा लागतो आणि का हजर नव्हता याचं सबळ कारण लागतं. कारण म्हणजे माझा फोन. "चूक तुझी, असं काही लिहायचं नाही," ताई म्हणाल्या. "तू काय बोललास आणि त्या काय समजल्या असतील, एवढंच शपथेवर लिहून दे. गुरुवारी ये." मी हो म्हणालो.

मग मी समीर सरांना सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. परवानगी हवी होती बहुतेक. सरांनी दार लावलं, फाइलमधून मावशींचा फॉर्म काढला आणि 'नाही'वर बोट ठेवलं.

"हे अक्षर कोणाचं आहे?"

मी म्हणालो, माझं.

"मग शपथेवर हेपण सांगशील? की बाईने हो सांगितलेलं आणि तू नाही लिहिलंस? कोर्ट आहे भाई, अपना सेट नाही. तिथे कट म्हणायला कोण नसतं. तुझं ग्रॅज्युएशन व्हायचंय ना अजून?"

सर ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवूनच बोलले. मी घाबरलो, एवढंच खरं आहे. पोलीस घरी येतील, वडिलांच्या वॉचमनच्या नोकरीवर येईल, कॉलेज काढून टाकेल, असं काहीही डोक्यात आलं. माझ्या घरात कुणी कधी कोर्टाची पायरी चढलेलं नव्हतं, ज्याला विचारावं. गुरुवारी मी ताईंना परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा नव्हती. पुढच्या गुरुवारी फोन उचलला नाही. मग त्यांचा नंबर दिसला की फोन उलटा ठेवायला लागलो. त्या दिवसांत मी रोज कामावर जात होतो आणि नव्या केसेस आणत होतो. फॉर्मवर 'नाही' लिहीत होतो.

अर्जाची मुदत संपत आली, तेव्हा ताईंनी एकट्या मावशींच्या सांगण्यावर अर्ज केला आणि ताबा थांबवायची विनंती केली. प्रकाशच्या वकिलाने विचारलं, फोन कुणी केला? मावशींना माझं आडनाव माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, किरण, कोर्टातला मुलगा. वकिलाने विचारलं, कुठल्या कोर्टातला? अर्ज चालू राहिला, पण ताबा थांबला नाही.

बेलीफ आला त्या दिवशीची हकिगत मी नंतर चाळीत गेलो तेव्हा शेजारच्या सावंत काकींनी सांगितली. बेलीफ म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस. मावशींनी त्याच्यासमोर निकालपत्र धरलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, उन्हात तिरकं करून बारीक अक्षर वाचलं. "मावशी, ह्याच्यावर कोर्टाचं नाव कुठे आहे?" असं विचारलं. शिवणाच्या मशीनला त्याने बरोबरच्या माणसांना हात लावू दिला नाही. स्वतः एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने सावंत काकांना धरायला लावलं. खोलीला प्रकाशचं कुलूप लागलं. मावशी टिटवाळ्याला बहिणीकडे गेल्या. काकी मला म्हणाल्या, "ती जाताना सांगून गेली, कोर्टातला मुलगा तारीख कळवणार आहे, आला तर टिटवाळ्याचा पत्ता दे."

चाळीतून मी त्या संध्याकाळी साडेसातच्या आधी घरी पोहोचलो. शिंदे काकी आलेल्या होत्या. मी आईला म्हणालो, टीव्ही लावू नको, आणि काकींसमोरच सगळं सांगितलं. फॉर्म, फोन, खोटी परीक्षा, मशीन. आईने शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाली, "झालं तुझं म्हणणं सांगून?"

मी हो म्हणालो.

"मग हेच तिथं जाऊन सांग. मी काय निकाल देऊ?"

दुसऱ्या दिवशी तिने पाचही घरी सुट्टी सांगितली आणि माझ्याबरोबर आली. कल्याण कोर्टाच्या आवारात मी तिला वडाच्या सावलीत बसवलं, पण ती उठून मागे आलीच. म्हात्रे ताई माझ्यावर चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दीड महिना आधी आला असतास तर खोली वाचली असती बहुधा." आणि कागद पुढे केला. मी फॉर्मचंही लिहिलं, फोनचंही लिहिलं. ताईंनी वाचून फॉर्मच्या परिच्छेदाशी पेन थांबवलं, याची गरज नव्हती म्हणाल्या, पण खोडला नाही. शपथ घेताना मी आजूबाजूला बघत होतो. साहेब हळू आवाजात काहीतरी सांगत होते, बाजूचा माणूस टाइप करत होता, पंखा फिरत होता. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "हातोडा कुठाय?" मी म्हणालो, नसतो. तिला खरं वाटलं नाही.

मी नोकरी सोडली. त्या वर्षी परीक्षेलाही बसलो नाही, त्याचं कारण नीट सांगता येणार नाही. पोलीस आले नाहीत. कॉलेजने काही विचारलं नाही. समीर सरांचाही फोन आला नाही. ज्याला मी एवढा घाबरलो होतो, ते काहीच झालं नाही. मला कुणी काही बोललंसुद्धा नाही. तेव्हा मला डोंबिवलीचे ते इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ आठवायला लागले. त्यांचा नंबर मी शोधला. जुन्या यादीत नव्हता. बाद केसेसचे फॉर्म आम्ही ठेवत नसू.

टिटवाळ्याला मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "तुलाही कुणीतरी सांगितलं असेल तसं." दुसऱ्या वेळी त्या साड्यांच्या गडबडीत होत्या. चाळ आता पाडली आहे, चारी बाजूंनी पत्रे लावलेत. खोली राहिलेली नाही, पण टॉवरमधलं घर कुणाच्या नावावर, हा प्रश्न शिल्लक आहे. मावशींना ते घर मिळालं नाही, तर म्हातारपण बहिणीच्या सुनेच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात काढायचं आहे.

आई अजून साडेसातला तो कार्यक्रम बघते. मला वाटलं होतं, ती सोडेल. मी एकदा चिडून बोललो, तर म्हणाली, "मला माहिताय रे सगळं खोटं आहे. विचारतात ते तरी खरं आहे ना?" कॉलेजातल्यांना द्यायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

लेख इथपर्यंत लिहून झाला होता आणि शेवट काय करावा कळत नव्हतं, तेव्हा परवा दुपारी म्हात्रे ताईंचा फोन आला. अर्ज मंजूर झाला. माझं शपथपत्र साहेबांनी ग्राह्य धरलं. एकतर्फी निकाल रद्द, दावा पुन्हा चालणार, मावशींचा जबाब होणार, आणि त्यासाठी दिवस नेमून दिला आहे. ताई सुनावणीत अडकलेल्या होत्या. म्हणाल्या, मावशींना तू कळव.

मी दहा मिनिटं फोन हातात धरून बसलो. मग लावला. मागे मशीन चालू होतं.

"मावशी, किरण बोलतोय. तुमची तारीख लागली."

मशीन थांबलं.

"कुठली?" त्यांनी विचारलं. "कोर्टाची, की तुमची?"

मी म्हणालो, कोर्टाची. कल्याणची. वार सांगितला, वेळ सांगितली, ताईंनी सांगितलेला कोर्टातल्या खोलीचा नंबर सांगितला. त्यांनी सगळं पुन्हा म्हणून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "राग मानू नकोस हां बाळा. मी त्या वकीलबाईंना एकदा विचारून घेते."

मी म्हणालो, विचारा मावशी, नक्की विचारा. त्यांनी फोन ठेवला नाही, ठेवायचा राहिला असेल. मशीन पुन्हा सुरू झालं आणि मी ते थोडा वेळ ऐकत राहिलो.